बिनविजेचा बर्फ

रुवी, मस्कत
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप भाईमामा यांना,
जनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं का, की अजून पितृपंधरवडा संपायची वाट बघत आहेत? (तो संपून बरेच दिवस झाले, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.) इकडे मंगला बरी आहे, विशाखा नववीत आहे, उन्हाळा एकदाचा उतरला आहे आणि आम्ही पुन्हा गॅलरीत बसू लागलो आहोत. जे ठीक नव्हतं तेही आता ठीक झालं आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र.

फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन पडवीत असतो आणि स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी माझ्या मूळव्याधीबद्दल सांगत होतो तेव्हा मध्येच कोणीतरी सुरणाची भाजी खायला सांगितली. तो आवाज तुमचाही नव्हता आणि मामींचाही नव्हता. म्हणून हे पत्र आमच्या कामावरच्या हुसैनमियाँच्या हाती पाठवतो आहे. ते रजेवर दाभोळला येत आहेत, फेरीबोटीने खाडी ओलांडून गुहागरला येतील आणि स्वतः तुमच्या हातात देतील. त्यांना चहा द्यावा. साखर नको.

मंगलाने तुम्हाला नुसतं ‘हे डोंगरावर जाऊन आले’ एवढंच कळवलं आणि त्यावर तुमचा निरोप आला, ‘कोणता डोंगर, किती वाजता सुटलात, किती वाजता पोचलात, परतीचं काय, सविस्तर लिही.’ चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. तेव्हा तुमच्या रजिस्टरसाठी आधी थोडक्यात लिहितो: फेरी वेळेवर सुटली, पोचली नाही, सर्व प्रवासी सुखरूप. आता सविस्तर.

आमचे अर्बाब हमूद तुम्हाला ठाऊक आहेत. (अर्बाब म्हणजे मालक. तुम्ही इकडे आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला खजुराचा डबा दिला होता आणि तुम्ही त्यांना गुहागर डेपोचं वेळापत्रक दिलं होतं. ते अजून त्यांच्या कपाटात आहे.) त्यांचं मूळ गाव खाबुरा, समुद्राकाठचं. वडील मासेमारी करायचे. त्यांच्या लहानपणी गावात वीज नव्हती, त्यामुळे बर्फ नव्हता, त्यामुळे दुपारपर्यंत जे मासे विकले गेले नाहीत ते पुन्हा समुद्रात. कधीतरी मस्कतजवळच्या मत्रा बंदरातून ट्रकने बर्फाची लादी यायची, गोणपाटात आणि भुशात गुंडाळलेली, आणि खाबुऱ्याला पोचेपर्यंत त्यातलं गोणपाट आणि भुसा तेवढा उरायचा. या पोराने मोठेपणी गावात बर्फाची फॅक्टरी काढली आणि पुढे मस्कतजवळ रुसैलला कोल्ड स्टोरेज. चाळीस वर्षं हा माणूस बर्फ करतो आहे. बर्फ म्हटला की त्यांना आधी विजेचं मीटर दिसतं, मग अमोनियाचा कंप्रेसर, मग त्या कंप्रेसरखाली आडवे झालेले हुसैनमियाँ, जे सत्तावीस वर्षं त्याला चालता ठेवत आले आहेत.

तर मार्च महिन्यात एका लग्नात त्यांच्या पुतण्याने त्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. इकडचे लोक उन्हाळ्यात जॉर्जियाला जातात, तसा तोही गेला होता. फोटोत एका उंच डोंगरावरून बर्फाची नदी खाली आलेली होती. तिला हिमनदी म्हणतात, पण ती वाहताना दिसत नाही. वर्षाला काही हात सरकते म्हणे. अर्बाबनी विचारलं, हा बर्फ कोणी केला? पुतण्या म्हणाला, कोणीच नाही, तो असतोच. वीज? नाही. मशीन? नाही. किती दिवस टिकतो? शेकडो वर्षं, अम्मी. (अम्मी म्हणजे इकडे काका, आई नव्हे.) मी तिथेच बिर्याणीच्या थाळ्याशी बसलो होतो. अर्बाबच्या हातातला हलव्याचा तुकडा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन नंबरच्या फ्रीझरमध्ये आले. उणे अठरा. मी कोंबडीचे खोके मोजत होतो. त्यांनी विचारलं, “जनार्दन, तुला थंडीची सवय आहे ना?” आता उणे अठरामध्ये पाऊण तास उभ्या असलेल्या माणसाला सविस्तर उत्तर देता येत नाही. जबडा हलत नाही. मी म्हणालो, “ऐवा अर्बाब.” ऐवा म्हणजे हो. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत मी त्यांना दुसरं काहीच म्हणालेलो नाही. त्यांनी विचारायचं, मी ऐवा म्हणायचं आणि मग ते कसं जमवायचं ते हुसैनमियाँना विचारायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. संध्याकाळी कळलं की मी ऑगस्टमध्ये काझबेक नावाच्या पाच हजार चौपन्न मीटर उंच शिखरावर चढणार आहे. बरोबर अर्बाब, वय वर्षं बासष्ट. आणि हुसैनमियाँ, कारण बर्फाचं काही बिघडलं तर मेकॅनिक हवा.

पुतण्याने समजावलं की अम्मी, हिमनदी खालूनही दिसते, गाडीत बसून दिसते. अर्बाबना ते पटलं नाही. ते म्हणाले, फॅक्टरी बघायची तर माणूस गेटातून बघून परत जात नाही, मशीनरूमपर्यंत जातो. मशीनरूम वर आहे.

घरी मंगला ऐकून घेऊन म्हणाली, “जायचंच असेल तर जा. पण वर जाऊन मालकांशी वाद घालू नका.” (हा सल्ला तिने मला एकोणीस वर्षांत प्रथमच दिला, कारण तशी वेळच आली नव्हती.) विशाखाचं मराठी तुम्हाला माहीत आहे. शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी, उरलेल्या वेळात मराठी. तिने अभिमानाने बिल्डिंगभर सांगितलं की माझे बाबा ऑगस्टमध्ये वर जाणार आहेत. त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या सुचित्राताई दोनदा येऊन माझ्याकडे बघून गेल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी शेवयांची खीर आणली आणि मी खात असताना पदराने डोळे टिपले. कोणत्या डॉक्टरांकडे दाखवलं, असं त्यांनी मंगलाला हळूच विचारलं तेव्हा उलगडा झाला. खीर मात्र त्यांनी परत मागितली नाही.

तयारी आम्ही इकडेच केली. दर शुक्रवारी पहाटे मत्राच्या मागच्या डोंगरावर चढायचं, कारण सात वाजल्यानंतर तिथे माणूस भाजून निघतो. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि माझ्या पिशवीत शिवाय अर्बाबचा कावा, म्हणजे इकडची कॉफी. बाकीचा सराव फ्रीझरमध्ये. बुटाखाली बांधायचे पोलादी खिळ्यांचे सांगाडे येतात, त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. ते बांधून आम्ही तिघं एका दोरीत कोंबडीच्या खोक्यांच्या गल्लीतून चालायचो. पुढे अर्बाब, मध्ये मी, मागे हुसैनमियाँ. एकदा याच वेळी अन्नतपासणीची मॅडम आली. तिने दारातून तिघांना दोरीने बांधलेलं पाहिलं, पाचएक सेकंद थांबली, आणि विचारलं की ही तुमची नेहमीची कार्यपद्धती आहे का. मी ऐवा म्हणालो. तिने लिहून घेतलं. आता दर सहा महिन्यांनी आम्हाला ते करून दाखवावं लागतं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही मस्कतहून विमानाने तिबिलिसीला गेलो आणि तिथून गाडीने डोंगराच्या पायथ्याच्या गावी. गावाचं नाव स्तेपान्त्समिंदा. (ते एका दमात म्हणता येतं की नाही यावरून उंचीची सवय झाली की नाही ते कळतं, असं माझं मत आहे.) तिथे आमचा वाटाड्या भेटला, लेवान. चाळिशीचा, वाळलेल्या बोंबलासारखा, सतत सिगारेट ओढणारा. त्याला इंग्रजीचे वीसएक शब्द येत होते आणि त्यातला ‘स्लो’ तो सगळ्यात जास्त वापरायचा. त्याने आमची चौकशी केली. पूर्वी बर्फावर काम केलं आहे का? आम्ही तिघांनीही मान डोलावली. एकूण अनुभव किती? अर्बाब चाळीस वर्षं, हुसैनमियाँ सत्तावीस, मी एकोणीस. लेवानने सिगारेट विझवली आणि आम्हा तिघांशी हस्तांदोलन केलं. आम्ही खोटं काहीच बोललो नव्हतो.

सामान घोड्यांवर, माणसं पायी. पहिल्या दिवशी आठ तास चालून आम्ही साडेतीन हजार मीटरच्या वर एका जुन्या दगडी इमारतीत पोचलो. पूर्वी तिथे वेधशाळा होती, आता गिर्यारोहक राहतात. फळ्यांच्या बाकांवर वळकट्या टाकून झोपायचं. आत शिरल्यावर बाकीचे लोक आडवे झाले, हुसैनमियाँनी मात्र भिंतीवरून हात फिरवला, दाराच्या फटीत बोट घातलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “जनूभाऊ, हिला गॅस्केटच नाय. चार डिग्री असेल. कांदे-बटाटे राहतील, मानसांचं काय सांगता येत नाय.” रात्रभर त्यांना त्या दाराचीच काळजी. सकाळी पाहिलं तर त्यांनी स्वतःचा मफलर फटीत कोंबून ठेवला होता आणि दोन पोलिश मुली त्यांना थँक्यू म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी हिमनदीवर गेलो. मामा, या एका दिवसाबद्दल मी थट्टा करणार नाही. फ्रीझरमधला बर्फ पांढरा असतो. हा निळा होता, आत खोल कुठेतरी दिवा ठेवल्यासारखा. वर धूळ, दगड आणि खालून पाण्याचा आवाज. अर्बाब गुडघ्यावर बसले, हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. तो ओला होईपर्यंत उचलला नाही. मग हुसैनमियाँना म्हणाले, माल कसा आहे? हुसैनमियाँनी कुऱ्हाडीने एक ढलपी काढली, उजेडात धरली, जिभेला लावली. “हवा अडकलेली हाय, अर्बाब, पण घट्ट हाय. पानी गोड. आपल्याला असा जमायचा नाय.” अर्बाबनी विचारलं, किती टन असेल? त्यावर आम्ही तिघंही वर बघत राहिलो. मोजायला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. अर्बाबच्या डोळ्यांत पाणी आलं. गॉगलमध्ये बर्फ गेला असावा, असं मी आणि हुसैनमियाँनी नंतर ठरवलं. ते हळूच म्हणाले की माझ्या बापाला हे दाखवायला हवं होतं.

दुपारी त्या दोघांनी तिथेच नमाज पढली. लेवानने होकायंत्रावर दिशा काढून दिली, पण भेगांच्या प्रदेशात दोरी सोडायला साफ मनाई केली. दोरी आखूड केलेली आणि मी मधोमध. ते वाकले की मला वाकावं लागे, ते टेकले की मला टेकावं लागे. मी आपला त्यांच्या लयीत वाकत होतो आणि मनात आपल्या व्याडेश्वराचं नाव घेत होतो. कोणाचीच गैरसोय झाली नाही.

परत येताना हुसैनमियाँ एका भेगेत कमरेपर्यंत गेले. वर बर्फाचा पातळ पापुद्रा, खाली पोकळी. मागून आवाज नाही, किंकाळी नाही, फक्त दोरीला ओढ बसली. वळून बघतो तो ते अर्धेच दिसत होते. शांतपणे म्हणाले, “जनूभाऊ, खाली मोकली जागा हाय.” लेवान, अर्बाब आणि मी, तिघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्यांनी आधी खिशातला पाना आहे का ते चाचपलं. (काझबेकवर पाना कशाला, हे मी विचारलं नाही. पाना नसलेले हुसैनमियाँ मी पाहिलेलेच नाहीत.) रात्री मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं की माझी धाकटी कितवीत आहे ते तुला ठाऊक आहे ना. मी म्हणालो, सातवीत. मग ते झोपले.

शिखराच्या दिवशी रात्री दोनला निघायचं असतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो. कपाळाला दिवे बांधून चालायचं. चाळीस पावलं, मग थांबून श्वास घ्यायचा. मग तीस, मग वीस. उजाडलं तेव्हा आम्ही एका पांढऱ्या पठारावर होतो आणि डोंगराची सावली त्रिकोणी होऊन पार ढगांवर पडली होती. वाऱ्याने भुवया गोठल्या होत्या. पण मामा, मला आतून बरं वाटत होतं. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, खोके मोजणारा माणूस आणि पाय चालत होते. शिखर समोर दिसत होतं. आमच्या रुसैलच्या गेटपासून कॅन्टीन दिसतं तेवढं जवळ. लेवान म्हणाला, दोन तास.

तेवढ्यात अर्बाब थांबले आणि मला विचारलं, शुक्रवारचा टूनाचा कंटेनर आला का? मी म्हणालो, आज मंगळवार आहे, अर्बाब. ते बरं म्हणाले, दहा पावलं चालले आणि पुन्हा तेच विचारलं. मग मला सईद म्हणू लागले. सईद त्यांचा भाऊ. तो जाऊन बारा वर्षं झाली. चालताना पाय एकमेकांत अडकत होते. मग म्हणाले फार उकडतंय, आणि हातमोजे काढायला लागले. लेवान मागे आला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, बोटं मोजायला सांगितली. त्यांनी सात मोजली. लेवान मला म्हणाला, “डाऊन. नाऊ.” उंचीमुळे मेंदूला सूज येते, तसं असावं, थांबलो तर तासा-दोन तासांत माणूस जातो, हे त्याने त्याच्या वीस शब्दांत मला समजावलं, आणि मला नको तेवढं समजलं.

अर्बाब म्हणाले, “ला.” ला म्हणजे नाही. “वर. यल्ला, चला.” लेवानने सांगितलं, हाताने दाखवलं, चिडला. अर्बाब ढिम्म. शेवटी लेवान मला म्हणाला, “युवर बॉस. यू टेल.”

मी मागे वळून हुसैनमियाँकडे बघितलं. अशा वेळी मी नेहमी त्यांच्याकडेच बघतो. त्यांनी आधीच खाली तोंड केलं होतं आणि कुऱ्हाड बर्फात रोवली होती. म्हणाले, “मी वलून उभा ऱ्हायलोय. आता कोन काय पन बोलो, मी काय परत वलत नाय. पन बोलायचा तुलाच हाय.”

मामा, त्या वेळी मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण लिहितो. आधी व्हिसा आला. मग विशाखाची शाळा. मग रुवीतला आमचा फ्लॅट, ज्याच्या गॅलरीत मंगलाने मोठ्या कष्टाने कढीपत्ता जगवला आहे. आणि मग, खोटं कशाला सांगू, मला स्वतःला वर जायचं होतं. दोन तास राहिले होते. अर्बाब वर म्हणत होते, मीही वर म्हणू शकलो असतो, आणि तो हुकूम पाळल्यासारखं झालं असतं. एवढं मनात यायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. तेवढ्यात अर्बाबच्या उघड्या हाताकडे लक्ष गेलं. बोटं पांढरी पडली होती, आपल्या फ्रीझरमधल्या मालासारखी.

मी म्हणालो, “ला, अर्बाब.”

आवाज बारीक आला. त्यांनी विचारलं, काय म्हणालास? मी पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, मालक कोण, तू की मी? मी म्हणालो, तुम्हीच, पण खाली. ते म्हणाले, रुसैलला ये, मग बघतो तुला. आणि बर्फात फतकल मारून बसले. एकोणीस वर्षांत मी या माणसाच्या हाताला ईदच्या शुभेच्छांपलीकडे स्पर्श केलेला नव्हता. मी त्यांच्या बोटांत हातमोजे घातले, जसे विशाखाला लहानपणी घालायचो, एकेक बोट शोधून. मग त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलं आणि उभं केलं. त्यांनी मला अरबीत बरंच काही सुनावलं. त्यातलं निम्मं मला कळलं आणि तेवढं पुरे होतं. पुढे हुसैनमियाँ, मध्ये अर्बाब, त्यांच्या पट्ट्याला धरून मी, मागे दोरी ताणून लेवान, असे आम्ही खाली निघालो. मी एकदाच मागे वळून शिखराकडे बघितलं. ते तिथेच होतं. (तुमच्या रजिस्टरसाठी: वळण्याचं ठिकाण चार हजार आठशे मीटर, वेळ सकाळी सात चाळीस, कारण प्रवाशाची प्रकृती.)

खाली उतरता उतरता अर्बाब शुद्धीवर येत गेले. साडेतीन हजारांवर मी पुन्हा जनार्दन झालो. तीन हजारांवर त्यांना वार आठवला. संध्याकाळी गावात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वेळेत आणलंत. सगळी बोटं शाबूत. फक्त ते माझ्याशी बोलेनात. दोन दिवस नाही, विमानात नाही, मस्कतच्या विमानतळावर नाही. हुसैनमियाँशी बोलत होते, तेही मला ऐकू येणार नाही अशा बेताने.

पुढचे अकरा दिवस कसे गेले ते मंगलाला विचारा. मी कामावर टेबलाचा खण रिकामा करून ठेवला. तिने विशाखाला रोज एक धडा मराठी वाचायला लावलं, म्हणजे चिपळूणला शाळेत घालायची वेळ आलीच तर पोरगी अगदीच मागे पडायला नको. विशाखा एकदा म्हणाली, “बाबा, तुम्ही बरोबर वागलात ना? मग आई का पॅक करते?” मी तिला पुढचा धडा काढून दिला.

बाराव्या दिवशी अर्बाब तीन नंबरच्या फ्रीझरमध्ये आले. जाकीट न घालता, नुसत्या दिशदाशात, म्हणजे इकडच्या पायघोळ सुती अंगरख्यात. म्हणाले, “त्या दिवशी तू मला ला म्हणालास.”

“ऐवा अर्बाब.”

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.”

“ऐवा अर्बाब.”

“मग आतापर्यंत मनातल्या मनात किती वेळा म्हणाला असशील?”

इथे ऐवा चालण्यासारखं नव्हतं. मी खोक्यांकडे बघत आठवून पाहिलं आणि म्हणालो, चौदा-पंधरा वेळा तरी. ते म्हणाले, लिहून आण. आणि निघाले. दारापाशी थांबले, परत आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मग गेले.

यादी मी तीन दिवस लिहिली. एक ते पंधरा. तीन नंबरच्या फ्रीझरचं दार आतून नीट उघडत नाही, हे मला सहा वर्षं सांगायचं होतं. पुतण्याला मॅनेजर करू नये, हे दोन वर्षं. मासळीच्या शेजारी आईस्क्रीम ठेवू नये, हे पहिल्या दिवसापासून. त्यांनी यादी माझ्यासमोर वाचली. पाच गोष्टींना ऐवा म्हणाले आणि दहांना ला. दार मात्र दुसऱ्याच दिवशी हुसैनमियाँ दुरुस्त करत होते. पुतण्या अजून मॅनेजर आहे.

असो. सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे. पडवीत मोठ्याने वाचू नये. मामींना नमस्कार, आणि ऑपरेशनचं मनावर घ्यायला सांगावं.

तुमचा भाचा,
जनू

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. अर्बाबनी पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा काझबेक ठरवलं आहे. या वेळी म्हणे दोन दिवस जास्त विश्रांती घेऊन. मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट नकार द्यायचं ठरवून गेलो होतो, आणि ऐवा म्हणून परत आलो. रुसैल समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही. या उंचीवर मला अजून ते जमत नाही. तेव्हा तुम्ही कृपा करून जुलैच्या अठ्ठावीस तारखेला गंभीर आजारी पडावं आणि मला ताबडतोब बोलावून घेणारा निरोप इंग्रजीत पाठवावा. आजार तुमच्या पसंतीचा, मात्र दोन दिवसांत बरा होणारा नसावा. मामींना आधी सांगून ठेवावं.

ता. क. २. हुसैनमियाँ पत्र न्यायला आले आहेत. चहा पिता पिता सहज म्हणाले की तेही दाभोळला जाऊन आपल्या मामूंना हीच विनंती करणार आहेत, आणि तारीखही हीच. एकाच खाडीच्या दोन काठांवर दोन मामा एकाच दिवशी अत्यवस्थ झाले तर ऑफिसात बरं दिसणार नाही. तुम्ही एकदा फेरीबोटीने पलीकडे जाऊन त्यांच्याशी तारखा ठरवून घ्या. ते बोलायला चांगले आहेत.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता मंगलाने विचारलं की तुम्ही दोघंही इथे राहिलात तर त्या माणसाच्या पट्ट्याला धरणार कोण. मी हुसैनमियाँकडे बघितलं आणि ते कपात बघत बसले. मग ते म्हणाले, “तेंचे हातमोजे या खेपेला दोरीनं मनगटाला बांधून टाकू.” तरी तुम्ही जुलैत किंवा ऑगस्टमध्ये आजारी पडू नये. पडायचंच झालं तर सप्टेंबरमध्ये पडावं. गणपतीला मी येतोच आहे.